पूर्वजन्माची आठवण आणि जळालेली चित्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्वजन्म आणि हरवलेले चित्र यांभोवती गुंफलेल्या प्रेम-रहस्य कादंबऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. हा प्रकार परकीय आणि केवळ वेळ घालवण्यापुरता आहे, असा त्याचा सूर होता. सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि याच कादंबऱ्या पाने सुटेपर्यंत वाचल्या गेल्यामुळे पुन्हा पुन्हा बांधणीला पाठवाव्या लागत, म्हणून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

हा कथाप्रकार परकीय आहे, हे मला मुळीच मान्य नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात इसवी सनापूर्वी, आणि काही शतकांनंतर पुन्हा सतराव्या लेण्यात, षड्दंत जातकाची, म्हणजे बुद्धांच्या हत्तीच्या रूपातल्या एका पूर्वजन्माची, कथा रंगवली गेली. सहा सुळ्यांच्या गजराजाने मोहरलेला शालवृक्ष हलवला, तेव्हा फुले थोरल्या राणीच्या अंगावर पडली आणि धाकटीच्या वाट्याला वाळक्या काटक्या, पाने आणि लाल मुंग्या आल्या. असा सल मनात धरून धाकटी मेली, काशीच्या राजाची राणी म्हणून पुन्हा जन्मली आणि पूर्वजन्म आठवत असल्यामुळे एका पारध्याला हत्तीचा नेमका ठावठिकाणा सांगून त्याचे सुळे आणायला तिने धाडले. पारधी भिक्षूचे काषाय वस्त्र पांघरून खड्ड्यात दबा धरून बसतो. बाण लागलेला हत्ती ते वस्त्र पाहून त्याला जीवदान देतो आणि पारध्याचा हात चालेनासा झाल्यावर स्वतःच करवत सोंडेत धरून सुळे कापून देतो. सुळे समोर येतात, आणि त्याच दिवशी राणी ऊर फुटून मरते. प्रेम, कपट, पाठलाग आणि दोन जन्मांचा हिशेब यांची याहून घट्ट वीण मी कोणत्याही छापील कादंबरीत पाहिलेली नाही.

दहाव्या लेण्यातले रंग बरेचसे गेले आहेत आणि उरलेल्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नावे खरवडली आहेत. तरीही डोळे अंधाराला सरावले की मूर्च्छा येऊन कलंडणारी राणी आणि तिला सावरायला पुढे झालेली माणसे हळूहळू दिसू लागतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबरची मंडळी पुढच्या लेण्याकडे निघून गेली, तरी माझा पाय तिथून निघत नव्हता.

आजच्या कादंबऱ्यांविषयी माझी तक्रार आहे ती इथेच. त्यांत पूर्वजन्म ही प्रेमिकांना एकमेकांची ओळख पटवून देण्याची सोय होऊन बसते. जातकाच्या आरंभी श्रावस्तीची एक भिक्षुणी बुद्धांकडे पाहता पाहता आपण मागच्या जन्मी यांची पत्नी होतो हे आठवून आनंदाने हसते, आणि लगेच आपणच त्यांचे सुळे मागवले होते हेही आठवून तिला रडू कोसळते. त्या हसण्याच्या आणि रडण्याच्या मधले क्षण आमच्या लेखकांनी लिहावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हरवलेल्या चित्राचेही तसेच. कादंबरीत ते शेवटच्या प्रकरणात एखाद्या तळघरात सुखरूप सापडते. प्रत्यक्षात, मेजर रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराने १८४४ पासून अजिंठ्यात राहून केलेल्या तिथल्या भित्तिचित्रांच्या भल्यामोठ्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि डिसेंबर १८६६ मधल्या आगीत मोजक्या वगळता सर्व जळून गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्याने प्रतिकृती काढायला घेतल्या. त्यांतल्याही शंभराहून अधिक १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत गेल्या. इकडे लेण्यांतले मूळ रंग झडतच होते, त्यामुळे एखाद्या भिंतीपुरते तरी तेच चित्र पुन्हा एकदा कायमचे गेले, असे म्हणावे लागते.

गिलची प्रेमकथाही याच परिसरातली. अजिंठा गावात त्याची प्रेयसी पारो हिची कबर आहे, तिच्यावर आपली प्रिय पारो २३ मे १८५६ रोजी वारल्याचे त्याने कोरून घेतले. तो स्वतः १८७९ साली वारला आणि भुसावळला पुरला गेला. या दोन दगडांवरच्या मजकुरापलीकडे पारोविषयी जे सांगितले जाते, त्यात लोकांनी घातलेली भर पुष्कळ आहे. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असावीच, मात्र जळालेली चित्रे त्याने जळालेलीच ठेवावीत.

वाचनालयात पुस्तक परत करताना "हे खरंच घडलं होतं का हो?" असे विचारणारे वाचक मला नेहमी भेटत, आणि त्यांच्या हाती देण्यासारखे मराठीत फार थोडे असे. आपल्या पुरवणीने बचावलेल्या प्रतिकृतींवर, मूळ भिंतींच्या आजच्या छायाचित्रांसह, एक सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल, जळगाव