मा. मुरलीधर मोहोळ यांना खुले पत्र: प्रभागरचनेची दोरी सरकारच्या हातात नको

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, सहकार व नागरी विमान वाहतूक

स. न. वि. वि.

नगरसेवक, स्थायी समितीचे अध्यक्ष, महापौर आणि २०२४ साली खासदार. त्या लोकसभा निवडणुकीत आपण, रवींद्र धंगेकर आणि वसंत मोरे असे तिन्ही प्रमुख उमेदवार पुणे महापालिकेच्या सभागृहातून आलेले होते. आपल्या आधीचे खासदार कै. गिरीश बापटही एके काळचे नगरसेवक. तेच सभागृह १४ मार्च २०२२ ला मुदत संपून रिकामे झाले, ते थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत.

यात काय बिघडले, हे स्थायी समिती चालवलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचे, समितीच्या १६ सदस्यांनी त्यात काटछाट करायची, मग ते सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेत जायचे. सभागृह नसताना आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्यातच २९ मार्च २०२३ ला बापटसाहेब गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ए प्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी होती. उच्च न्यायालयाने ती घ्या म्हणून सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. चौदा महिने या शहराला ना खासदार, ना नगरसेवक!

पालिकेची निवडणूक रखडायला ओबीसी आरक्षणाचा वाद हे एक कारण. दुसरे प्रभागरचना. आधी तीन सदस्यांचा प्रभाग ठरला, जून २०२२ अखेर सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा चारचा. सदस्यसंख्या बदलली की नकाशे नव्याने, हरकती-सूचना नव्याने, सुनावणी, मतदारयाद्या प्रभागनिहाय फोडणे, आरक्षण सोडत, सगळे पहिल्यापासून. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे नेला. तेव्हा सरकार आपल्या विरोधकांचे होते. नंतर आपल्या पक्षाचे आले, तरी अधिकार परत गेला नाही.

घटनेचे कलम २४३ यू सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी. अहमदाबाद महापालिकेच्या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. पण आयोगाचे अधिकार सांगणाऱ्या २४३ झेडए मध्ये मतदारयाद्या आहेत, निवडणूक घेणे आहे, प्रभागरचनेचा शब्द नाही. घटनादुरुस्ती करून तो घालावा. शिवाय मुदत संपायच्या सहा महिने आधी नवी रचना अंतिम नसेल तर जुन्या प्रभागांवरच मतदान व्हावे, एवढे एक वाक्य.

मंत्री असल्याने अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचे विधेयक, आपल्याला मांडता येत नाही आणि राज्यमंत्री म्हणून मंत्रिमंडळाच्या बैठकीतही आपण बसत नाही, हे आम्ही जाणतो. पण गृहनिर्माण व नगरविकास मंत्र्यांना दुरुस्तीच्या मसुद्यासह पत्र देता येते. आणि शुक्रवारच्या अशासकीय कामकाजात हे विधेयक मांडायला ठाण्याचे खासदार नरेश म्हस्के आहेत. तेही महापौर होते, मंत्री नाहीत. १९७० नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही, हे खरे. तरी ते चर्चेला आले तर संबंधित मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावेच लागते.

आताच्या सभागृहाची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. त्याआधी २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती येतील आणि प्रभाग पुन्हा आखावे लागतील. दुरुस्ती त्या आत हवी.

कळावे,
पुणे महापालिकेच्या कामकाजाचे अभ्यासक