मेमरीच्या पट्ट्या पुसून संगणक सुरू करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

गेल्या श्रावणात आमचा संगणक बंद पडला तेव्हा आपण मालवणच्या आमच्या घरी ओटीवर बसून एक अख्खी दुपार त्यासाठी खर्च केलीत. त्या गडबडीत नीट आभार मानायचे राहून गेले. हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण दाखवलेले काम इतरांच्याही हाती यावे अशी मनापासून इच्छा आहे.

बटण दाबले की पंखा फिरायचा, पण पडदा काळाच राहायचा आणि आतून लांब बीप पुन्हा पुन्हा ऐकू यायची. दुकानातून मदरबोर्ड गेल्याचे सांगण्यात आले होते आणि नवा संगणक घेणे आम्हाला त्या वेळी शक्य नव्हते. आपण मात्र आधी वायर काढायला लावलीत, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून बंद यंत्राचे बटण काही क्षण दाबून धरलेत, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावलात आणि मगच डीडीआर३ रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्यात.

सोने गंजत नाही, मग पट्टीची सोनेरी टोके खराब कशी होतील, असे मी विचारले होते. त्यावर आपण सांगितलेत की हा मुलामा अत्यंत पातळ असतो, त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या निकेल आणि तांब्यापर्यंत खारी, दमट हवा पोहोचते आणि २४० टोकांपैकी एखाद्याचा जरी स्पर्श तुटला तरी यंत्र अडू शकते. शाईचे खरखरीत खोडरबर तोच मुलामा खरवडते, म्हणून आपण मुलीच्या कंपासपेटीतले मऊ पांढरे खोडरबर मागून घेतलेत, ते अगदी हलक्या हाताने फिरवलेत, कण ब्रशने झटकलेत आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोके पुसून पूर्ण वाळू दिलीत. पट्ट्या बसतात त्या खाचांमध्ये फक्त कोरडा मऊ ब्रश. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, उघडायला मात्र आपण मला सक्त मनाई केलीत, कारण वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब शिल्लक असू शकतो.

संगणक सुरू झाला, तरीही आपण तिथे थांबला नाहीत, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. एका वेळी एकच पट्टी बसवून आपण मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवलात. पहिली निर्दोष निघाली. दुसरीत त्याच त्या पत्त्यांवर, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागांवर, चुका येत राहिल्या, खाच बदलली तरी त्या हटल्या नाहीत. तेव्हा, चिपच्या आतला दोष पुसून जात नाही आणि अशी पट्टी वापरली तर फायली नकळत बिघडत राहतात, हे आपण स्पष्ट सांगितलेत. ‘दुरुस्त झाले’ असे म्हणून ती आपण तशीच बसवून गेला असतात, तर मला ते कधी कळलेही नसते.

ती पट्टी चुकूनही कोणी पुन्हा लावू नये म्हणून आपल्या हातची ‘खराब’ ही चिठ्ठी लावून वेगळी ठेवली आहे. यंत्र ४ जीबीवर शांतपणे चालते. दिवाळीच्या साफसफाईत राहिलेली पट्टी मी स्वतः काढून स्वच्छ केली आणि रात्रभर चाचणी लावून ठेवली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते, हे सर्वांत आधी आपल्याला कळवायचे होते.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या घरातील सून