काचबिंदूची बातमी

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण मधे लेकाने माझ्याशी अबोला धरला होता. चूक माझीच.

झालं असं, की यांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदू नव्हे हं. मलाही आधी दोन्ही सारखेच वाटायचे. मोतीबिंदू काढला की बहुधा पुन्हा दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याची नस खराब होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची. जाते तीही बहुतेकदा कडेकडेने, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. हे अर्धवट उघड्या दारावर खांदा आपटायचे आणि मी म्हणायची, "लक्ष कुठे असतं तुमचं!" आता ते आठवलं की जीव कसनुसा होतो.

लेकाला मात्र चार महिने सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर इकडचं तिकडचं बोलायचं आणि शेवटी "बाकी सगळं ठीक". त्याचा संसार, नोकरी, नातीची परीक्षा. कशाला घोर लावायचा? आणि खरं सांगू, आमचं आम्ही निभावतो, अशी थोडी ऐटही होती त्यात.

परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी सहज विचारलं, "मुलाचे डोळे तपासले का?" आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर धोका वाढतो म्हणे. आणि आपला चिरंजीव ४१ वर्षांचा! मी खुर्चीतच गार झाले. आमची म्हणून दडवलेली बातमी त्याचीही होती गं.

त्या रात्री फोन लावला. हवापाण्यापासून सुरुवात केली, तर म्हणाला, "आई, काय झालंय ते आधी सांग." सांगितलं. बराच वेळ गप्प. मग "चार महिने?" आणि फोन सूनबाईच्या हातात. तिने मात्र शांतपणे सगळं विचारून घेतलं: डोळ्याचा दाब किती, थेंब कधी, पुढची तारीख कोणती. तिलाच आधी सांगावंसं वाटलं होतं. पण त्याला बायकोकडून कळलं असतं तर अजून बिनसलं असतं.

आठवड्याने त्याचाच फोन आला. डोळ्याचा दाब १६ निघाला. साधारण २१ पर्यंत ठीक धरतात. पण दाब बरा असूनही नस बिघडू शकते, म्हणून तीही बघितली. चांगली आहे. "बघ, मी लगेच सांगितलं," म्हणाला. टोमणाच तो, पण गोड लागला.

आता रोज रात्री मी यांची खालची पापणी ओढते, थेंब पडायच्या आत हे डोळा मिटतात, मग दुसरा थेंब. नंतर नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा असतो. तेवढ्यात मी लेकाला फोन लावते. डोळे मिटून बापलेक काहीबाही बोलत बसतात.

तुझ्या गुडघ्याचं लेकीला सांगितलंस का? मला लिहितेस तसंच तिलाही लिही.

तुझीच,
मैत्रीण