ताराला दिलेलं ते इंजेक्शन

प्रिय दिन्या,

तब्येत ठीक, बीपी गोळीवर आटोक्यात. लिहितोय ते तारा घोडीसाठी. घरात कुणाला सांगून हे कळायचं नाही.

या माजात तिला घोडा लावला. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत गर्भपिशवीत पाणी दिसलं, दोन सेंटिमीटरच्या वर. वीर्य गेलं की सूज येतेच, धडधाकट घोडी 24 ते 48 तासांत निस्तरते. पण तारा आता थोराड, किती शिंगरं झाली तिला, पिशवी खाली ओघळलेली. पिशवी धुऊन ती आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन द्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात कुणीतरी 'गर्भ टिकावा' म्हणून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक टोचून मोकळं झालं, तेही बरेच दिवस अंगात राहणारं!

झोप लागत नाही रे. माजात इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या जोरावर गर्भाशयमुख सैल असतं, पिशवी आवळून घाण बाहेर ढकलते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात. प्रोजेस्टेरॉन चढलं की मुख घट्ट, आवळणं मंद, त्या पेशींचा मारा बोथट. गर्भाला सांभाळायची ही सोय. पण आत स्ट्रेप्टोकोकस जंतू असला तर त्याचंच फावतं. काल पाहिलं तर पाणी गढूळ, पांढरे ठिपके तरंगताहेत. सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भ पिशवीत उतरतो, तो या असल्या पाण्यात कसा तगणार?

यावरूनच कॉलेजात आपला अबोला झाला होता. तू म्हणायचास अँटिबायोटिक द्या, मी म्हणायचो आधी निचरा. माझं मत अजून तेच आहे, भांडायचं तर समोर ये!

प्रोस्टाग्लँडिन दिलं तर तिच्या अंडाशयातलं प्रोजेस्टेरॉन बनवणारं पीतपिंड विरघळेल, तेही पाच दिवसांचं झाल्यावर. पण सुईतून गेलेलं प्रोजेस्टेरॉन त्याने थोडंच उतरणार? तोवर ती नीट माजावर यायची नाही. मग हाताने मुख सैल करून आताच सलाईनने धुवावं का? मला धुवावंसं वाटतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत. स्वॅब पाठवलाय, अँटिबायोटिक त्याचा रिपोर्ट बघूनच. योनीतून हवा ओढते, तेव्हा योनिमुखाच्या वरच्या बाजूला टाकेही घालावे लागतील. पुढच्या माजात घोडा लावायचा नाही, हे मालकाला ठणकावून सांगितलंय. तू अशा घोड्या माझ्यापेक्षा जास्त हाताळल्यास, म्हणून तुझं मत हवंय.

लेकीच्या ॲडमिशनचं काय झालं? घराचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार. पत्र मिळताच फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझा,
विश्या