ताई, त्या कोऱ्या सेलबद्दल मनापासून आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या बॅटरीचे लिथियम-आयन सेल तपासून तुम्ही दिलेल्या रिपोर्टातली शेवटची दोन छायाचित्रं कुणी मागितली नव्हती. आम्ही पाठवलेले सेल स्कूटरच्या पॅकमधून काढलेले, क्षमता घसरलेले. तुम्ही त्याच बॅचचा एक न वापरलेला सेल मागवलात, तोही तसाच उघडलात, तसाच छेद घेतलात आणि दोन्ही छायाचित्रं एकाच मोजपट्टीवर शेजारी शेजारी लावलीत. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

इतरांनाही कळावं म्हणून सविस्तर लिहितो. एनएमसी ८११ (निकेल, मँगनीज, कोबाल्टचं ऑक्साइड) कॅथोडचा, म्हणजे धन इलेक्ट्रोडचा, कण साधारण १० मायक्रॉनचा असतो, पण तो अखंड नसतो. राजगिऱ्याच्या लाडवासारखा तो शेकडो बारीक स्फटिकांचा वळलेला गोळा. चार्जिंगमध्ये लिथियम बाहेर पडताना प्रत्येक स्फटिक एका अक्षावर आधी थोडा वाढतो आणि लिथियमच्या सापेक्ष ४.२ व्होल्टच्या आसपास त्याच अक्षावर एकदम आकसतो. शेजाऱ्यांचे अक्ष वेगवेगळ्या दिशांना, त्यामुळे सगळा ताण सांध्यांवर येतो आणि तडा तिथेच जातो. तड्यात इलेक्ट्रोलाइट (सेलमधला आयन वाहून नेणारा द्रव) शिरतो, नव्या पृष्ठभागावर विक्रिया होऊन रोध वाढतो, आणि काही स्फटिकांचा विद्युत संपर्कच तुटतो.

पण तडे कारखान्यातही पडतात. धातूच्या पत्र्यावरच्या कणांच्या लेपाची घनता वाढवायला इलेक्ट्रोड रोलरखालून दाबून काढतात, तेव्हाच कण एकमेकांवर चिरडून फुटतात. ब्लेडने छेद घेतला तर ब्लेडही कण फोडतं. म्हणूनच तुम्ही आर्गॉन आयनांच्या झोताने छेद घेतलात. कोऱ्या सेलमध्ये मोजके, चिरडल्याचे तडे दिसले. वापरलेल्यात कणाच्या मध्यापासून बाहेर, सांध्यासांध्यांतून पसरलेले. मूळ दोष कोणता आणि वापराचा कोणता, हे त्या जोडीशिवाय ठरलंच नसतं.

याआधी ज्यांना पैसे मोजले त्यांनी एकच छायाचित्र पाठवून खाली ‘वापरामुळे तडे’ एवढंच लिहिलं. त्यांच्याही आधीच्यांनी सेल न उघडताच सगळं बीएमएसवर (बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर) ढकललं. दोन्हीकडे यंत्रं उत्तम होती. समोरच्याला खरं कळावं ही कळकळ तेवढी नव्हती. ती तुमच्याकडे आहे, आणि अशी माणसं भेटली की या क्षेत्रात काम करायला हुरूप येतो.

ॲनोडचंही, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडचंही, तसंच. ग्रॅफाइट लिथियमने भरल्यावर सुमारे १० टक्के फुगतं, त्यात मिसळलेलं सिलिकॉन मात्र ३०० टक्क्यांच्या घरात. सिलिकॉन तडकलं की उघड्या भागावर नवा थर बसतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. तांब्याच्या पत्र्यावरून लेप सुटलेला दिसला, तेव्हा तो सेलच्या आत सुटला की गुंडाळी उलगडताना, हेही तुम्ही वेगळं नोंदवलंत. किती जण एवढं बघतात!

तुमच्या निष्कर्षावरून आता चार्जिंगची वरची मर्यादा ४.२ ऐवजी ४.१ व्होल्ट केली आहे. क्षमतेचा सुमारे दहावा हिस्सा जातो, पण कॅथोड त्या अचानक आकसण्याच्या टप्प्यात खोलवर जात नाही. पुढच्या खरेदीत एकस्फटिकी कणांचा कॅथोड मागतो आहोत. त्यात आतले सांधे नसतात. तरी जास्त व्होल्टेजला त्याचेही थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून ४.१ ची मर्यादा तिथेही कायम ठेवणार आहोत.

आपले कृतज्ञ,
पॅक जोडणी विभागातले सर्वजण