आठवून लिहू नकोस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोन रागातच ठेवलास. "मी नर्स नाही, कारकून झालेय," हे तुझं वाक्य रात्रभर डोक्यात होतं. पण त्याआधी सहज बोलून गेलीस, की ड्यूटी संपल्यावर बसून सगळ्या नोंदी करतेस. माझं चित्त तिथेच अडकलंय. असो, त्यावर बोलणार नाही.

जर्मनीत जाऊन जेवणाचे ट्रे उचलावे लागतात म्हणतेस. ते तुझ्या एकटीच्या नशिबी नाही गं. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, स्कॉटलंड आणि जर्मनीतल्या नर्सेसची पाहणी २००१ साली छापून आली, तिच्यातही हेच होतं : ट्रे ने-आण होते, पेशंटशी दोन शब्द बोलायचे राहतात. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत तर मिनिटं मोजली (२००८ ची गोष्ट). ३५ टक्के वेळ नोंदींत. औषधं देणं वेगळं धरलं तर प्रत्यक्ष सेवेला २० टक्केही नाहीत! आपल्याकडे भरवायला, कूस बदलायला नातेवाईक असतात, नि सिस्टर इंडेंट (सामानाची मागणीपत्रं) आणि रजिस्टरांत बुडालेली.

पण औषध मोजणं, ओव्हर देणं (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवणं), डॉक्टरांना फोन लावणं, यांना कारकुनी म्हणू नकोस. पेशंट समोर नसतो एवढंच. नोंद तर नाहीच नाही. म्हणूनच म्हणते, तेव्हाच्या तेव्हा लिही. दहा तासांनी काय आठवणार?

बघ, लागले भाषण द्यायला. माफ कर.

तुझ्या वेळी सातवा महिना होता. नाइटला एका पेशंट आजोबांना इन्सुलिन दिलं आणि "नंतर लिहू" म्हणून दुसऱ्या कॉटकडे पळाले. सकाळची सिस्टर सिरिंज भरून उभी. आजोबा शुद्धीवर होते म्हणून म्हणाले, "मघाशी टोचलंय की." हे मी बाबांनाही कधी सांगितलं नाही.

तू जर्मन भाषेत ओव्हर देतेस हे आत्याला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, कळलं.

उद्या फोन केलास की ड्यूटी कधी संपली ते सांगू नकोस. वॉर्डातून बाहेर कधी पडलीस ते सांग.

तुझी,
आई