माझ्या लेकीच्या, ठमीच्या खेळाबद्दल आई-बाबांना

एडिसन, न्यू जर्सी
जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ठमीचा मंगळवारचा बास्केटबॉलचा सामना संपतो न संपतो तोच बाबांचा मेसेज आला, "फक्त सहा पॉइंट?" पाठोपाठ आत्याचा, "स्कॉलरशिपबद्दल अभिनंदन!" म्हणजे बाबा, सांगलीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेले दिसतात. फोनवर बोलले असते, पण ठमी शेजारी बसून कान टवकारते आणि तिच्यासमोर तिच्या खेळाची चिरफाड मला करायची नाही. शिवाय तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे पॉइंटचं प्रकरण मिटवू. बाबा, कारखान्याच्या व्हॉलीबॉल संघात तुम्ही बूस्टर होतात. स्मॅश मारणाऱ्याचं नाव गावभर व्हायचं, पण त्याच्या हाताला हवा तसा चेंडू कोण चढवून देतंय हे फक्त खेळणाऱ्यांना कळायचं. ठमीचं काम तेच. ती पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी. पॉइंट गार्डने चेंडू आपल्या बाजूने दहा सेकंदांच्या आत मधल्या रेषेपार न्यायचा, कोच कडेवरून ओरडतो ती चाल बोटांच्या खुणेने चौघींना सांगायची, आणि ती चाल फसली (निम्म्या वेळा फसतेच) की दुसरी जागच्या जागी शोधायची. बत्तीस मिनिटांच्या सामन्यात तिने सहा पॉइंट केले की सोळा, यावरून ती कशी खेळली ते ठरत नाही.

मग कशावरून ठरतं? तर कोच पहिल्यांदा बघतात ते असिस्ट आणि टर्नओव्हर. तिच्या पासवर दुसरीने बास्केट केली तर असिस्ट, चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला तर टर्नओव्हर. एका टर्नओव्हरमागे दोन असिस्ट असले तर शाळेच्या पातळीवर मुलगी चांगली समजतात, आणि ठमी यंदा त्याच्या आसपास आहे. पण हा आकडाही डोळे मिटून घेण्यासारखा नाही. २०२४ साली केटलिन क्लार्क डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे इथल्या बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये, पहिल्यांदा खेळली, तेव्हा तिने ३३७ असिस्ट करून लीगचा विक्रम केला, आणि त्याच मोसमात २२३ टर्नओव्हर करून तोही विक्रम नावावर लावून घेतला. चेंडू सतत जिच्या हातात, तिच्याकडूनच तो जास्त सुटणार. आणि पास कितीही सुरेख असो, घेणारीने सोपी बास्केट चुकवली की असिस्ट मिळत नाही. आमच्या संघात अशा दोघी आहेत. स्वभावाने फार गोड मुली, पण त्यांच्या हातात चेंडू टिकत नाही.

आता मंगळवारचा तिसरा क्वार्टर पुन्हा लावून बघा, बाबा. शेवटची दोन मिनिटं. आपण चारने पुढे, आणि त्यांनी फुल-कोर्ट प्रेस लावलेला, म्हणजे चेंडू खेळात आल्याबरोबर अख्ख्या मैदानभर अंगावर येणं. ठमी डाव्या कडेने निघाली. एक मुलगी तिच्यासोबत पळत होती आणि दुसरी मधल्या रेषेच्या पलीकडे दबा धरून बसली होती. ठमी कधी ती रेषा ओलांडते याचीच ती दुसरी वाट बघत होती. कारण एकदा ओलांडली की मागे फिरता येत नाही, शेजारी बाहेरची रेषा, समोर दोघी. मधली रेषा आणि कडेची रेषा या दोन्ही न हलणाऱ्या बचावपटूच होतात तिथे. ठमी रेषेच्या अलीकडेच थांबली. चेंडू टप्पे देत दोन पावलं मागे आली. तुम्ही लिहिलंत, "घाबरून मागे गेली."

बाबा, तिथेच तर सगळी गंमत होती! ती मागे सरकली तशा त्या दोघी तिच्यामागे ओढल्या गेल्या आणि मध्ये मोकळं पटांगण पडलं. आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच मुलगी, मधोमध धावत आली, ठमीने त्या दोघींच्या डोक्यावरून तिला पास दिला. आता पुढे आपल्या तिघी आणि त्यांच्या दोघी. सेंटरने उजवीकडे दिला, तिथल्या मुलीने लेअप टाकला, म्हणजे धावत जाऊन अगदी जवळून बास्केट केली. कागदावर दोन पॉइंट तिचे, असिस्ट सेंटरचा, आणि ठमीच्या नावापुढे काही नाही. हीच मुलगी नववीत असताना अशा जागी सापडली की चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरायची, पाठ फिरवायची आणि मग घाईघाईत उंच पास फेकायची, तो कोणीही मधल्या मधे पळवायचं. दहावीत पाठ फिरवणं गेलं. यंदा अकरावीत ती दुसरी बचावपटू कुठे उभी आहे ते आधी बघते आणि मग आपण कुठे जायचं ते ठरवते. तीन वर्षांत तिच्यात काय बदललं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. डावा हात सुधारला, दम वाढला, ते सगळं सरावाने येतं. ही नजर सरावाने थोडीच येते, आणि ती आमच्या दोघांकडून तर नक्कीच आलेली नाही.

तुम्हाला ती का दिसत नाही त्याला आणखी एक कारण आहे. तुम्ही ज्यातून सामना बघता तो जिमच्या भिंतीवरचा कॅमेरा आपोआप चेंडूमागे फिरतो. चेंडू ठमीकडे नसतो तेव्हा ती काय करते, कुणाला बोट दाखवून कोपऱ्यात पाठवते, बास्केट झाल्यावर सगळ्यात आधी कोण मागे धावते, हे चौकटीबाहेर राहतं. आई, तू म्हणतेस ना, घरात ही पोर तोंड उघडत नाही? जिममध्ये येऊन ऐक. "स्क्रीन लेफ्ट!" (डावीकडे वाट अडवायला कोणी उभी आहे) म्हणून अशी ओरडते की शेवटच्या बाकावर मी दचकते. हे ओरडणंही कोच मोजतात. बचावात जी बोलत नाही ती पॉइंट गार्ड म्हणून चालत नाही.

कौतुक झालं. आता उणं तेही लिहिते, नाहीतर मीही बाबांचीच मुलगी म्हणायची.

तिचा शॉट कच्चा आहे. लहान असताना चेंडू जड जायचा म्हणून कमरेपाशी नेऊन उचलून फेकायची सवय लागली, ती अजून पुरती सुटलेली नाही. चेंडू खाली जातो, मग वर येतो, आणि तेवढ्या वेळात पाच फूट नऊ इंचांची मुलगी हात लावायला पोचलेली असते. ठमी पाच फूट चार. यापुढे उंची वाढायची नाही, आपल्या घरात ती कुणाला वाढली? खरा तोटा असा की ही बाहेरून मारत नाही हे ओळखून समोरची मुलगी तिला सोडून दोन पावलं मागे उभी राहते, पासच्या वाटेतच. म्हणजे शॉट नाही म्हणून पासही अडतो. तेव्हा बाबांची तक्रार अगदीच चुकीची नाही, कारण मात्र वेगळं. तिने पॉइंट करावेत ते आकड्यासाठी नव्हे, समोरचीला जवळ यायला लावण्यासाठी. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, मात्र ती छान टाकते. अंगावर कोणी नसताना हात सरळ जातो, त्यामुळे बाहेरचा शॉटही सुधारेल असं कोच म्हणतात, आणि मलाही तसं वाटतं. शाळेत तीन पॉइंटची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते, कॉलेजात मुलींसाठी २२ फुटांच्याही थोडी पलीकडे. तेवढं अंतर एका उन्हाळ्यात भरून निघेल अशी आशा मी धरलेली नाही.

दुसरं, ती सगळं एकाच वेगाने करते. वेगवान आहे, पण सतत वेगवान. बचाव करणारीला एकदा त्या वेगाची सवय झाली की मग काय उरतं? संथ चालत येऊन एकदम सुटणं हे तिला जमत नाही. मी तिला सू बर्डचे जुने सामने लावून देते. पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं, डब्ल्यूएनबीएमध्ये ३२३४ असिस्ट, आणि बघताना वाटतं की बाईंना घाईच नाही. ठमी दहा मिनिटं बघते आणि फोन काढते.

तिसरं, फाउल. पाच झाले की बाहेर. डावीकडून कोणी सुटली की पाय हलवण्याऐवजी ही हात घालते. पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की कोच तिला बाकावर बसवतात, आणि तुम्हाला वाटतं की तिच्यावर अन्याय होतोय. होत नाहीये.

आता स्कॉलरशिप. शाळेत खेळणाऱ्या शंभर मुलींतल्या चार-पाच जणी पुढे कॉलेजच्या संघात खेळतात, आणि कॉलेज संघांच्या सगळ्यात वरच्या, पहिल्या विभागात म्हणजे डिव्हिजन वनमध्ये तर एखादीच. पाच फूट चार उंचीच्या, शॉट कच्चा असलेल्या मुलीला तिथून बोलावणं येईल असं मला वाटत नाही, आणि तसं मी तिलाही सांगितलंय. तिसऱ्या विभागात चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, तिथे ती नक्की खेळू शकेल. पण त्या विभागात खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, नियमच तसा आहे. मदत मिळते ती मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर. म्हणून बाबा, आत्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती म्हणेल मुलीचं कौतुक झेपत नाही.

तिसरा विभाग म्हणजे तिसरा दर्जा, असं मात्र समजू नका. एमआयटी त्याच विभागात खेळते. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मुलींनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं तिथलं विजेतेपद एकही सामना न हरता जिंकलं. असल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर पेढ्यांचे पैसे मी पाठवते. मध्यंतरी एका कंपनीचं ईमेल आलं होतं, 'तुमच्या मुलीची निवड झाली आहे', आणि खाली फीचा आकडा. पैसे भरले की ते तिचे व्हिडिओ सगळ्या कोचना पाठवणार. जावईबापू भरायला निघालेच होते. व्हिडिओ आपले आपण कापून थेट कोचला पाठवता येतात, आणि त्यात मी मंगळवारची ती मागे सरकण्याची चाल सगळ्यात आधी ठेवणार आहे. ज्याला खेळ कळतो तो तिथेच थांबेल.

आई, गुडघ्यांचं तू विचारतेस ते बरोबर आहे. बास्केटबॉलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना दुपटीहून जास्त असतो. बहुतेकदा कोणाचा धक्का लागून नव्हे, उडी मारून उतरताना गुडघा आत वळून होतं. म्हणून त्यांची ट्रेनर सरावाआधी एका पायावर उतरणं, मांड्यांचे आणि कमरेचे व्यायाम हे सगळं करून घेते, त्याने धोका बराच कमी होतो. ठमी कंटाळा करते. तू फोनवर तेवढं विचारत जा, माझ्यापेक्षा तुझं ऐकते. आणि मेथीचे लाडू ती खात नाही, तिचा बाबा खातो, हेही एकदा कळू दे तुला.

तुम्ही दरवेळी मेमध्ये येता आणि थंडी पडायच्या आत परत जाता, त्यामुळे शाळेचा मोसम तुम्ही एकदाही डोळ्यांनी पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. डिसेंबर-जानेवारीत या. थंडी आहे, पण घरात हीटर असतो, गाडीत असतो, जिममध्ये तर घाम येतो. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घेऊन या आणि इन्शुरन्सचं मी बघते. पासपोर्टची मुदत कधी संपते ते मात्र आजच बघून कळवा, गेल्या वेळसारखी धावपळ नको.

आईच्या पायाला तेल लावताय ना? दोघांनी जपून राहा.

तुमची,
बेबी

ता. क. शुक्रवारचा सामना इथल्या संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच. आपल्याच जिममध्ये आहे, त्यामुळे आपला संघ पांढऱ्या जर्सीत असेल. मागच्या वेळी निळ्यांना टाळ्या वाजवत होतात तसं करू नका.